तीन मैत्रिणी आणि यमू

व्हाक्वा, कास्काव्हेल आणि लंडन येथे राहणाऱ्या तीन मैत्रिणी सध्या हरि नारायण आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी पत्रद्वारे एकत्र वाचीत आहेत. दर पंधरवड्यास थोडी प्रकरणे वाचावयाची व त्यांवर पत्र धाडावयाचे, असा परिपाठ. १८९० साली आपट्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले. त्यातच ही कथा हप्त्याहप्त्याने आली. तेव्हा ही वाचनाची चाल मुळाबरहुकूमच म्हणावयाची!

विधवा यमूचे बळजबरीने केशवपन होते, त्या भागावर मात्र एकमत झाले नाही. लंडनच्या मैत्रिणीस यमूचा सोशिकपणा असह्य झाला. कास्काव्हेलहून उलट विचारणा आली : ‘जी स्वतःची कहाणी स्वतः लिहून ठेवते, ती मुकी कशी? रत्नागिरीकडून गिरमिटावर आलेल्या आपल्या पणज्यांनी काय सोसले, याची एक ओळ तरी आपणांपाशी आहे काय?’

व्हाक्वाच्या मैत्रिणीस मराठी वाचता येते, लिहिताना हात अडतो. तिचे उत्तर क्रिओलमध्ये आले. दोघींनी ते आनंदाने स्वीकारले, हे योग्यच झाले. भाषेच्या शुद्धतेपायी अभिप्रायच गमावणे कोणत्या हिशेबाचे? पुढील पत्रात तिने आईकडून ऐकलेल्या पणजीच्या दोन आठवणी लिहिल्या आहेत, त्या मात्र मराठीत.