बाळाशी बोलणं हेही कामच!

बाळंतिणीला भेटायला गेलं, की आपले प्रश्न ठरलेले असतात. वजन किती? अंगावरचं दूध पुरतंय ना? टाळू भरता का? रात्री झोपू देतं का? सगळे प्रश्न बरोबरच आहेत. पण ‘दिवसभर बाळाशी बोलतं कोण?’ असं कुणी विचारत नाही. मला वाटतं, तेही विचारायला हवं.

कारण पहिल्या काही वर्षांत बाळाच्या मेंदूत दर सेकंदाला दहा लाखांहून जास्त नव्या जोडण्या होत असतात. दोन वर्षांचं होईतो त्याचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो. वापरात राहतात त्या जोडण्या पक्क्या होतात, बाकीच्या गळून जातात. बाळ ‘अं’ म्हणतं, आपण ‘हो का गं बाई?’ म्हणतो, ते खुदकन हसतं. या साध्या देवाणघेवाणीतूनच त्या पक्क्या होतात.

त्याला पैसा लागत नाही. वेस्ट इंडीजमधल्या जमैकात, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत, १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या १२९ मुलांचा एक अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं, आठवड्यातून तासभर जायची. आईला मुलाशी खेळायचं, बोलायचं कसं ते दाखवायची. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची! वीस वर्षांनी पाहिलं, तेव्हा ही मुलं तशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्के जास्त कमावत होती.

आणि आपण? वाटी-चमचा, डबा-झाकण बाजूला ठेवून महागडी खेळणी आणतो. चिऊ-काऊचा घास मागे पडला, आता मोबाइल लावल्याशिवाय बाळ तोंड उघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय, एक वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांनाही दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. मोबाइल बोलतो खरा, पण बाळाच्या ‘अं’ला उत्तर देत नाही.

मात्र एवढं सांगून सगळा भार पुन्हा आईवरच टाकायचा, हे मला पटत नाही. पाचला उठून पाणी भरणाऱ्या, डबे करणाऱ्या, धुणं-भांडी उरकणाऱ्या बाईच्या हातून मोबाइल दिला जातो, तो हौसेने नव्हे. हात मोकळे हवे असतात म्हणून. तीच घटकाभर बाळाशी गप्पा मारत बसली, तर ‘बसलीये निवांत’ म्हणणारे आपणच! अगं, ती बसलेली नाही, काम करतेय.

थोडं बोलणं कामात मिसळता येतं. मेथी निवडताना एक काडी बाळाच्या हाती द्या, ‘ही बघ हिरवीगार’ म्हणा. अंघोळ घालताना नाक-कान-डोळे मोजा. तोंडावर पदर घेऊन ‘भॉ’ करा. आजी-आजोबांच्या गोष्टींना तर तोड नाही. बोला आपल्या घरच्या बोलीतच. अहिराणी असो, मालवणी असो, इंग्रजीची घाई नको.

अंगणवाडीत केवळ आहाराचं पाकीट घ्यायला जाऊ नका. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये ‘नवचेतना’ नावाचा आराखडा आणलाय. घरी काय खेळावं, कसं बोलावं, ते त्यात आहे. सेविकाताईंना त्याबद्दल जरूर विचारा.

आणि बाळाच्या बाबांनो, ही पुरवणी तुमच्या हाती पडली असेल, तर तुमच्यासाठीही एक काम आहे. रात्री जेवणं झाली, की अर्धा तास टीव्ही आणि मोबाइल बंद. बाळाला मांडीवर घ्या आणि दिवसभरात काय काय झालं ते त्याला सांगा. त्याला कळतंय की नाही, याची काळजी करू नका. तेवढ्या वेळात त्याच्या आईला जरा पाठ टेकू द्या.