श्रमदान विद्यार्थ्यांचे, जबाबदारी कोणाची?

सुट्टीच्या सकाळी महाविद्यालयीन तरुण हातमोजे चढवून पदपथाच्या उखडलेल्या फरशा बसवत आहेत, उड्डाणपुलाचे खांब रंगवत आहेत, हे दृश्य बेंगळुरूला नवे नाही. ‘द अग्ली इंडियन’ या निनावी नागरिकगटाने २०१० पासून तेथे हा प्रघात रुजवला. ‘काम चालू, मुँह बंद’ हे त्याचे ब्रीद. या कामाचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र करदात्यांच्या पैशातून महापालिकेने राखायचा पदपथ विद्यार्थ्यांनी दुरुस्त केला, तर त्यातून नेमके काय साधते, हा धोरणाचा प्रश्न उरतोच.

विद्यार्थ्यांच्या श्रमाला राष्ट्रीय योजनेचे रूप मिळाले ते २४ सप्टेंबर १९६९ रोजी. तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. अर्थशास्त्रज्ञ असलेल्या राव यांनीच पुढे १९७२ मध्ये बेंगळुरूत सामाजिक व आर्थिक परिवर्तन संस्थेची स्थापना केली. वर्षाला १२० तासांची सेवा आणि सात दिवसांचे विशेष शिबिर एवढ्या बळावर देशाची पायाभूत बांधणी होणार नाही, हे उघडच होते. योजनेचा घोषित हेतू विद्यार्थ्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास हा होता. रस्ता हे निमित्त, शिक्षण हे फलित. बाबा आमटे यांच्या सोमनाथ येथील श्रमसंस्कार छावणीनेही हेच सिद्ध केले. तेथे गेलेल्या तरुणांनी किती माती उपसली, यापेक्षा कुष्ठमुक्त माणसांविषयीची त्यांची दृष्टी किती बदलली, हे महत्त्वाचे ठरले.

हेतूचा हा क्रम उलटला की धोका सुरू होतो. बेंगळुरू महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर २०२५ मध्ये तिच्या जागी पाच महापालिका अस्तित्वात आल्या, तोवर पाच वर्षे शहराचा कारभार निर्वाचित सभागृहाविना प्रशासकांच्या हाती राहिला. जाब विचारण्याचे व्यासपीठच नसेल, तर श्रमदान ही नागरिकत्वाची शाळा न राहता शासनाच्या अनास्थेवरचे पांघरूण होते. ‘मुँह बंद’ हे कार्यकर्त्याचे संयमसूत्र असू शकते, नागरिकाचे नव्हे.

दुसरी बाजू मजुरांची. हे शहर ज्यांनी उभारले, ते कलबुर्गी, रायचूर, यादगीर तसेच बिहार, ओडिशातून आलेले बांधकाम कामगार. त्यांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर ठरवला. पण नोंदणी नसलेल्या, सतत स्थलांतर करणाऱ्या मजुरापर्यंत तो लाभ पोहोचणे अवघड. आठवडाभर घमेले उचलणाऱ्या विद्यार्थ्याचे छायाचित्र झळकते; आयुष्यभर तेच करणारा मजूर मात्र चौकटीबाहेरच राहतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजसेवेच्या उपक्रमांना श्रेयांकांची जोड सुचवली आहे. श्रेयांक केवळ गाळलेल्या घामाला देऊ नयेत. दुरुस्त केलेल्या पदपथाचे कंत्राट कोणाला, किती रकमेचे आणि किती मुदतीच्या हमीचे होते, हे माहिती अधिकारातून मिळवणे आणि जवळच्या बांधकामावरील मजुरांची नोंदणी झाली आहे का, हे तपासणे, ही कामेही त्याच शिबिराचा भाग व्हावीत. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. प्राध्यापकांची तयारी आणि विद्यापीठांचे धैर्य तेवढे लागते.

फरशी पुन्हा उखडेल. ती का उखडली, हे विचारण्याची सवय विद्यार्थ्याला लागली, तर श्रम सत्कारणी लागले असे म्हणता येईल.