सतरंज्या उचलायला आम्ही आलेलो नाही

मिहान, म्हणजे नागपूरच्या विमानतळालगतचा उद्योग प्रकल्प, आणि आम्ही एकाच वयाचे. तो उभारणारी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ साली निघाली, आणि आमच्यातल्या बहुतेकांचा जन्म त्याच्या वर्ष-दोन वर्षं मागेपुढे. घरोघरी एकच वाक्य ऐकत आम्ही वाढलो : "तू मोठा होशील तवर मिहान उभं होऊन जाईन, मंग तुले पुण्याले जायची गरज नाही."

आम्ही मोठे झालो. मिहान उभं आहे, पण अर्धं. खोटं कशाला बोलायचं? दहेगावच्या शिवारात आयआयएम आहे, पलीकडे एम्स आहे. टीसीएस, इन्फोसिस, एचसीएलच्या काचेच्या इमारती आहेत. विमानं दुरुस्तीला येतात. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये, ज्या टाटा-एअरबसच्या विमान कारखान्याचं नाव मिहानच्या संदर्भात घेतलं जात होतं, तो वडोदऱ्याला गेल्याची बातमी आम्ही हॉस्टेलच्या मेसमध्ये मोबाइलवर वाचली. कुणी काही बोललं नाही. एकानं फक्त वरणाची वाटी पुढे सरकवली.

हे पत्रक आम्ही अकरा जणांनी खापरी मेट्रो स्टेशनबाहेरच्या टपरीवर बसून लिहिलं. तिघांच्या गळ्यात कंपनीचं आयकार्ड होतं, दोघी रात्रपाळीला निघालेल्या. एकाचं घर शिवणगावचं; त्याच्या आजोबांची जमीन या प्रकल्पात गेली आणि त्याचा भाऊ आज त्याच प्रकल्पातल्या एका गेटवर उभा राहून येणाऱ्यांची नावं वहीत लिहितो. भाऊ कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहे, कंपनीच्या नाही. उरलेले कॉलेजातले. एक जण वकिली शिकतो, म्हणून कायद्याची कलमं त्याच्याकडून तपासून घेतली.

आम्ही ज्या पक्षाची विद्यापीठ शाखा काढतो आहोत, तो पक्ष छोटा आहे. विदर्भाचं वेगळं राज्य मागणारा, नोंदणी असलेला पण मान्यता नसलेला. म्हणजे आमचं कायमचं चिन्हही नाही. एका निवडणुकीत शिलाई मशीन मिळतं, दुसरीत कपबशी. मतदाराला ते तोंडपाठ होईपर्यंत मतदान उरकलेलं असतं. या पत्रकावर पक्षाचं नाव मोठ्या अक्षरात छापलेलं नाही, आणि हे विसरून झालेलं नाही. कारण पुढे येईल.

आधी घरातलं भांडण घरातल्यांसमोर मांडतो. दर वर्षी २८ सप्टेंबरला आपल्याकडे नागपूर कराराची होळी होते. आम्हीही गेलो. विदर्भानं महाराष्ट्रात यावं म्हणून १९५३ साली झालेल्या त्या करारावर ज्येष्ठांनी पाऊण तास भाषण केलं, मुद्दे सगळे खरे होते. मंडपात चाळीस खुर्च्या, त्यावर पन्नाशी-साठीतले लोक, आणि खाली सतरंजीवर आम्ही. कार्यक्रम संपल्यावर एक काका मायेनं म्हणाले, "चला पोट्टेहो, सतरंज्या उचला, फोटो काढू." आम्ही उचलल्या. फोटो निघाला. त्यात आम्ही मागच्या रांगेत, अर्धे कापलेले.

काकांचा राग नाही. पण तरुणांची शाखा म्हणजे मंडप भरणं, घोषणा देणं, सतरंज्या गोळा करणं आणि नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर लावणं एवढंच असेल, तर ते काम मोठे पक्ष आमच्यापेक्षा चांगलं करून राहिले. त्यांच्याकडे गाड्या आहेत. छोट्या पक्षाला त्या शर्यतीत उतरायची गरज काय?

या शहरानं छोटे पक्ष पुष्कळ पाहिले आहेत. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष इथेच स्थापन झाला. पुढे त्याचे इतके गट पडले की मोजणाऱ्यानं बोटं आखडून घ्यावीत. त्या गटबाजीला विटलेल्या तरुणांनी १९७२ साली मुंबईत दलित पँथर काढली. कुठल्याही नेत्यानं त्यांना 'युवा आघाडी' म्हणून नेमलं नव्हतं. १९७१ साली जांबुवंतराव धोटे नागपुरातून लोकसभेवर गेले ते फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर. फॉरवर्ड ब्लॉकचा इथे केवढा पसारा होता? नव्हताच. विदर्भाचा मुद्दा होता आणि माणूस होता. पुढे १९८० साली तेच धोटे काँग्रेसकडून निवडून आले. हा अर्धा भाग आमच्या सभांमध्ये सांगितला जात नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. आणि दूर आसामात तर उलटंच घडलं : विद्यार्थी संघटना आधी, पक्ष नंतर. 'आसू' या विद्यार्थी संघटनेच्या आंदोलनातून १९८५ साली आसाम गण परिषद झाली, आणि कालपर्यंत हॉस्टेलात राहणारी पोरं मंत्री झाली. त्यांचं पुढे काय झालं हा वेगळा विषय. आम्हाला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की पोरांजवळ आधी स्वतःचं काम होतं.

आमचं काम कोणतं? मत मागणं. पक्षासाठी नाही, आधी आम्हाला मत देता यावं म्हणून.

१९८९ साली देशानं मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आणलं. त्याच साली मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. असल्या हिंसेमुळे पुढे १९९४ च्या विद्यापीठ कायद्यापासून महाराष्ट्रात विद्यार्थी परिषदेची थेट निवडणूक बंद झाली आणि गुणवत्ता यादीवरून प्रतिनिधी नेमणं सुरू झालं. गंमत अशी की विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ स्थापन झालं तेही १९९४ सालीच. एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढलं. मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, म्हणजे दिलेलंही राहिलं नाही. २०१६ च्या नव्या विद्यापीठ कायद्यात निवडणुका परत आल्या, कागदावर. २०१९ मध्ये त्या घ्यायचं ठरलं, विधानसभा निवडणूक आली, त्या पुढे ढकलल्या. आमच्या अकराही जणांनी लोकसभेला मत दिलं आहे. कॉलेजात एकानंही नाही. पंतप्रधान कोण असावा हे आम्हाला कळतं आणि वर्गप्रतिनिधी कोण असावा हे कळत नाही, असं मानणाऱ्यांशी आमचं भांडण आहे.

खून झाला हे आम्ही विसरत नाही. म्हणूनच विद्यार्थी निवडणुकांसाठीचे लिंगडोह समितीचे नियम आम्हाला मान्य आहेत, आणि निवडणूक होवो न होवो, ते आम्ही आजपासून पाळतो : उमेदवारामागे पाच हजारांवर खर्च नाही, छापील पोस्टर नाही, कर्णा नाही, हजेरी पंच्याहत्तर टक्के, पक्षाचा पैसा बिलकूल नाही. पक्षाकडे पैसा नाहीच, तेव्हा हा शेवटचा त्याग आम्हाला फार जड जाणार नाही. श्रीमंतांना वेसण म्हणून केलेले नियम गरिबांच्या पथ्यावर पडतात ते असे. पक्षाचं नाव पत्रकावर मोठं नाही तेही यामुळेच. कॅम्पसच्या निवडणुकीत पक्ष उतरणार नाही, आम्ही उतरू. गेटच्या बाहेर आम्ही पक्षाचे आहोत आणि ते लपवणार नाही.

निवडणूक लागेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. एक मत आजही आहे आणि आपली पोरं ते वापरत नाहीत. विद्यापीठाच्या सिनेटवर नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा जण निवडून जातात. त्यासाठी पदवी असून चालत नाही, नाव नोंदवावं लागतं. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचंही तसंच. तिथे पदवीला तीन वर्षं झालेली हवीत आणि यादी दर निवडणुकीला नव्यानं होते. नितीन गडकरी ज्या नागपूर पदवीधर मतदारसंघातून आमदार झाले, भाजपचा तो वर्षानुवर्षांचा गड २०२० साली पडला. फॉर्म भरून घेणाऱ्याला या निवडणुकीत किती मोल असतं, हे दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना विचारा.

शिवाय ही मतं पसंतीक्रमाची असतात. एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे. ही छोट्या पक्षाची पद्धत आहे. "तुझं पहिलं मत तुझ्या माणसाला दे, दुसरं आम्हाला दे" असं आम्ही उघडपणे म्हणू शकतो, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून शाखेच्या प्रत्येक सभासदानं वर्षभरात पंचवीस पदवीधरांचे फॉर्म भरून घ्यायचे. ओळखीच्यांपासून सुरुवात करा. मिहानमध्ये एकाच बसमध्ये पंचवीस पदवीधर बसलेले असतात.

दुसरं काम भांडायचं आहे, पण बारीक. आमच्यातल्या एकीनं कॉलेज सोडताना अनामत रक्कम परत मागितली. अडीच हजार. (कॉलेजचं नाव लिहीत नाही, तिचा दाखला अजून त्यांच्याकडे आहे.) काऊंटरवर सांगितलं, साहेब सुट्टीवर आहेत. साहेब आले तेव्हा पावती मागितली. पावती नेली तेव्हा अर्जाची तारीख उलटून गेली होती. शेवटी आम्ही सहा जण तिच्यासोबत गेलो, काही बोललो नाही, बाकावर बसून राहिलो. तासाभरात चेक तयार झाला. शाखा म्हणजे हे बाकावर बसणं. ऑफर लेटर देऊन रुजू करून न घेणारे, बाँडवर सही घेऊन मूळ मार्कशीट ठेवून घेणारे, रात्रपाळी सुटल्यावर मुलींना गाडी न देणारे — या प्रत्येक दारात आम्हाला बाक शोधायचा आहे.

आता विदर्भाबद्दल. नागपूर करारात तंत्रशिक्षणाच्या आणि व्यवसाय शिक्षणाच्या सोयी आणि सरकारी नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचं कबूल केलं होतं. ज्येष्ठ तो करार जाळतात. आम्ही तो वाचणार आहोत. कुठल्या विभागात किती जागा, किती भरल्या, किती रिक्त, हे माहितीच्या अधिकारात मागणार आणि जो आकडा हाती येईल तोच मांडणार. आकडा आमच्या विरोधात गेला तरी. वेगळं राज्य झालं तर आमच्या हातात काय येईल, हे विचारायचा हक्क आम्ही आमच्याच पक्षापाशी राखून ठेवतो. मिहानचं स्वप्न दाखवून झालं आहे. आणखी एक स्वप्न तारखेशिवाय आम्ही घेणार नाही.

पक्षाकडून आम्हाला तीन गोष्टी हव्यात. कार्यकारिणीत दोन जागा, मतासह. शाखेचा अध्यक्ष आम्ही निवडू, नेमणूक चालणार नाही. आणि अठ्ठावीस वर्षांच्या वर कुणी 'युवा नेता' असणार नाही, मग तो कुणाचाही मुलगा असो. हे नाकारलं गेलं तर आम्ही पक्ष सोडणार नाही. दर बैठकीला येऊन पुन्हा मागू.

सभासद वर्गणी दहा रुपये. पावती मिळेल. पहिली बैठक येत्या रविवारी सकाळी आठ वाजता, त्याच टपरीवर, म्हणजे दिवसपाळीवाल्यांना सुट्टी आणि रात्रपाळीवाल्या घरी जाता जाता येतील. तर्री-पोह्याचे पैसे ज्याचे त्यानं द्यायचे. पोस्टर हातानं लिहायची आहेत. चार्ट पेपर आम्ही आणतो, स्केचपेन आपापले आणा. सतरंजी एकच आहे, तिच्यावर सगळे बसू.