वहीतली शेती, वावरातली शेती



पहिली वेचणी घरात आली की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कुणालाही विचारा, 'औंदा कसं काय?' उत्तर मिळते, 'बरं हाये, एकरी पाच क्विंटल होईन.' उतारा सगळ्यांना तोंडपाठ असतो. पण त्या क्विंटलला घरून किती लागले, असे विचारले की माणूस आभाळाकडे पाहतो. वही नसते असे नाही. ती असते कृषी केंद्राच्या दुकानदारापाशी, आणि तीत आपली उधारी तेवढी लिहिलेली असते.

मागे घाटंजीकडच्या एका गावी ओळखीच्या घरी बसलो होतो. घरचा मुलगा अकरावीत, कॉमर्सला. त्याने हौसेने एका एकराच्या कपाशीचा हिशेब मांडून ठेवला होता. तो हिशेब आकडे जरा गोळाबेरीज करून तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्या वावराचे आकडे वेगळे असतील, ते तुम्ही भरा.

नांगरणी-वखरणी ३,००० रुपये, बियाण्याच्या दोन थैल्या १,८००, खत ५,२००, फवारणीची औषधे ३,५००, निंदणाची मजुरी ४,५००. वेचाई किलोला १० रुपये, म्हणजे ५ क्विंटलची ५,०००. गाडीभाडे व हमाली १,०००. एकूण गेले २४,०००. कापूस विकला ७,५०० रुपये क्विंटलने, आले ३७,५००. उरले १३,५००. पोराने खाली दोन रेघा ओढून 'नफा' असे लिहिले होते.

त्याची आई चहा घेऊन आली होती. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "अन् माह्ये दिवस कुठी मांडले?"

पोरगा गप्प झाला. मग आम्ही बसून दिवस मोजले. बापाचे डवरणी, फवारणी, राखण मिळून २० दिवस, ४०० रुपयांप्रमाणे ८,०००. आईचे १५ दिवस, ३०० प्रमाणे ४,५००. (बाईच्या दिवसाला शंभर कमी का, हा प्रश्न वहीचा नाही, गावाचा आहे. पण वहीत तो उघडा पडतो.) १३,५०० मधून हे १२,५०० वजा केले तर उरले १,००० रुपये. पुढे जमीन. हेच वावर दुसऱ्याला मक्त्याने दिले असते तर त्या गावात ८,००० आले असते. शिवाय गुंतलेल्या पैशाचे व्याज हजारभर. म्हणजे नफा राहिला बाजूला, ८,००० रुपयांची तूट.

आता यातले खरे कोणते? तिन्ही खरे आहेत. प्रश्न वेगळे आहेत, म्हणून उत्तरे वेगळी आहेत. घरात रोकड किती राहिली? १३,५००. आमच्या कष्टाची मजुरी सुटली का? कशीबशी सुटली. आणि या जमिनीचा, या पैशाचा दुसरा उपयोग केला असता तर? त्यापेक्षा ८,००० ने मागे पडलो. रोकडीचा आकडा पाहून लग्नाचा खर्च ठरवणारा माणूस, आणि तुटीचा आकडा पाहून वावर विकायला काढणारा माणूस, दोघेही एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवतात.

सरकार कापसाचा भाव ठरवते तेव्हा त्याच्यापुढेही हेच तीन खर्च असतात. कृषिमूल्य आयोगाच्या भाषेत रोखीचा खर्च म्हणजे 'ए-२', त्यात घरच्यांची मजुरी धरली की 'ए-२ अधिक एफएल', आणि घरच्या जमिनीचा खंड व भांडवलाचे व्याज धरले की 'सी-२'. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये ठरला, तो ५,१४० च्या दीडपट. हे ५,१४० दुसऱ्या खर्चाचे आहेत, तिसऱ्याचे नव्हेत. स्वामिनाथन आयोगाने २००६ मध्ये दीडपटीची शिफारस केली तेव्हापासून भांडण याच एका गोष्टीवर चालले आहे, की दीडपट करायची ती कोणत्या खर्चाची. त्याही आधी, १९८० मध्ये चाकणच्या कांदा आंदोलनात शरद जोशींनी उत्पादन खर्चाचा हिशेब चव्हाट्यावर आणला होता. हिशेब ही कारकुनाचीच बाब असती तर त्यावरून माणसे रस्त्यावर बसली नसती.

आपल्या त्या एकराचा दुसरा खर्च क्विंटलला ७,३०० पडला आणि तिसरा ९,१००. सरकारचा आकडा देशभराच्या सरासरीचा आहे. त्यात ओलिताची कपाशीही येते. आपण कोरडवाहू. पण आणखी एक गंमत पाहा. याच एकरात ८ क्विंटल पिकले असते, तर वेचाई व गाडीभाडे मिळून साडेतीन-चार हजारच वाढले असते, आणि तिसरा खर्चसुद्धा क्विंटलला सहा हजारांच्या आसपास आला असता. म्हणजे शेवटची वेचणी होईपर्यंत क्विंटलचा खर्च कुणालाच कळत नाही. कारखानदाराला शंभर पंखे करायचे असतात, तो खर्च आधी काढतो. आपले किती पंखे होणार, हे पाऊस ठरवतो. म्हणून जूनमध्ये क्विंटलचा हिशेब करू नका. एकराचा करा, आणि हाती किती पैसा राहील तो पाहून करा.

वहीचा मोठा उपयोग गळती दाखवण्यात आहे. त्याच घरी लक्षात आले, की औषधाच्या ३,५०० पैकी निम्मी औषधे दुकानदाराने 'हेही घेऊन जा' म्हणून दिलेली. पिकावर कोणती कीड आहे, हे पाहूनच औषध घ्यायचे, एवढे ठरवले तरी वहीचे मोल वसूल होते. दुसरी चूक फार घरी दिसते. पीक कर्जाची रक्कम 'आवक' म्हणून लिहितात. ती आवक नाही बरे, ते देणे आहे. तिचे पान निराळे ठेवा.

आता वही कुठे थांबते ते सांगतो.

कपाशीत तुरीची तासे असतात. नांगरणी, निंदण, खत सगळे कपाशीच्या नावावर, आणि तुरीचे पैसे वरच्यावर! वही म्हणते तूर फुकटात पिकते. त्या भरवशावर वावरभर तूर पेरली, की सगळा खर्च तुरीच्या नावावर येतो. बैलजोडीचेही तसेच. बैल वर्षभर खातात आणि कामाला लागतात काही महिनेच. वही म्हणते, जोडी विका, ट्रॅक्टर भाड्याने लावा. पण पावसाची उघडीप मिळून वाफसा येतो तो सगळ्या गावाला एकाच दिवशी, आणि ट्रॅक्टर असतात चार. तुमचा नंबर लागेपर्यंत पुन्हा पाऊस. तो हुकलेला दिवस आणि गोठ्यातले शेणखत कुणी खर्ची टाकत नाही. जोडी ठेवा असे माझे म्हणणे नाही. पाच एकरवाल्याला ती खरोखर जड जाते. पण नुसत्या चाऱ्याच्या आकड्यावर ठरवू नका.

आणि फवारणी. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. वहीत फवारणी म्हणजे औषधाची किंमत आणि माणसाची हजेरी. हातमोजे, तोंडाला फडके, वाऱ्याची दिशा पाहून थांबण्यात गेलेला अर्धा दिवस, हे सारे वहीला वायफळ वाटते.

भावाचेही तेच. २०२५ च्या ऑगस्टात केंद्राने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काढले आणि पुढे डिसेंबरअखेरपर्यंत ती सूट ठेवली. जूनमध्ये थैली फोडताना हे कुणाच्या वहीत होते?

त्या घरची बैठक अखेर फरदडीवर आली. डिसेंबर लागला होता. पोरगा म्हणाला, "आठ हजार तूट आली ना, मग पऱ्हाटी ठेवू. एक पाणी देऊ, आणखी क्विंटलभर निघेल, तूट भरून काढू." इथे त्याला मी थांबवले. पऱ्हाटी ठेवा की उपटा, ते आठ हजार गेलेच. त्यांची भरपाई हे ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. आता प्रश्न एवढाच, की इथून पुढे किती लागतील आणि किती येतील. मांडले. कापसाचे सात हजार, वेचाई, पाणी व एक फवारणी वजा जाता चारेक हजार सुटत होते. वहीचा कौल 'ठेवा' असा निघाला.

बाप तोवर काही बोलला नव्हता. तो म्हणाला, "अन् बोंडअळीचं काय? थे तं फरदडीतच राह्यते." खरे होते. गुलाबी बोंडअळीला हंगामानंतर उभे पीक मिळाले की ती तग धरते आणि पुढच्या कपाशीवर येते. म्हणूनच कृषी विद्यापीठे फरदड नको म्हणतात. एका वर्षाच्या वहीत चार हजार जमा दिसतात, त्यांचे नावे पुढच्या वर्षीच्या पानावर पडते, आणि थोडे शेजाऱ्याच्या वहीतही.

पऱ्हाटी उपटायचे ठरले. चार हजार सोडणे त्या घराला सोपे नव्हते. थोरलीच्या कॉलेजची फी त्याच महिन्यात होती.

तुमच्या घरी शाळकरी पोरगा-पोरगी असेल तर चाळीस पानी वही त्याच्या हाती द्या. रोज रात्री जेवणानंतर तीन गोष्टी लिहायच्या. आज रोख काय गेले-आले, घरचे कोण किती वेळ वावरात होते, आणि कोणत्या वावरात. घरखर्च मागच्या पानापासून, उलट्या बाजूने. पुढच्या खेपेला तुरीचा खर्च कपाशीतून वेगळा कसा काढायचा ते पाहू.