घायपात कुठेही जगतं, पण धंदा कुठेही होत नाही

"सर, पडीक जमीन आहे, पाणी नाही. घायपात लावून वाखाचं मशीन टाकू का?" हा प्रश्न मला ट्रेनिंगमध्ये बऱ्याचदा विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. मशीनचं कोटेशन नंतर मागवा, आधी जमिनीत पहार मारून बघा.

घायपात कमी पाण्यात जगतं, हे अगदी खरं. बाकीची झाडं पानांची छिद्रं दिवसा उघडतात, हे रात्री उघडतं, त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही. म्हणूनच ब्राझीलच्या बाहिया राज्यात, जिथे दुसरं पीक धड टिकत नाही, तिथे शेतकरी हेच लावतात. पण जगणं वेगळं आणि भरपूर वाख देणं वेगळं. इथेच लोकांचा हिशोब चुकतो.

आता आकडे बघा. ताज्या पानाच्या वजनाच्या साधारण ४ टक्केच वाख निघतो. पान ६०० ग्रॅमचं असेल तर २४ ग्रॅम, म्हणजे १ किलोला सुमारे ४२ पानं. खडकाळ जमिनीत तेच पान ३०० ग्रॅमचं झालं, तर ८४ पानं लागतील. कापणारा माणूस, वाहतूक, मशीनवरचा वेळ, सगळं पानामागे मोजलं जातं. म्हणजे मजुरी जवळपास दुप्पट, माल तेवढाच. वर आखूड पानाचा वाखही आखूड, त्याला दोरवाला भाव कमी देतो. कोणत्याही सबसिडीने हा खड्डा भरत नाही.

जमीन निचऱ्याची हवी, एवढं एक पक्कं धरा. मुरमाड, उताराची, थोडी खोल माती चालते. भारी काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचलं की मुळं कुजतात. दुष्काळ सोसणारं झाड पाण्याने मरतं! वर्षाला ६०० ते १२०० मिलिमीटर पाऊस याला मानवतो. कोकणातला २५०० च्या वरचा पाऊस बघता तिथे मी कोणाला हे सुचवणार नाही.

हे पीक जमिनीतून चुना आणि पोटॅशही बरंच ओढतं. त्यामुळे मशीनमधून निघालेला चोथा फेकू नका, कुजवून परत शेतात टाका.

वेळेचंही बघा. चांगल्या जमिनीत पहिली कापणी साधारण ३ वर्षांनी येते, हलक्या जमिनीत आणखी उशिरा. लोनचा हप्ता मात्र ३ वर्षं थांबत नाही. म्हणून सुरुवातीला ओळींच्या मध्ये मूग-मटकीसारखं काहीतरी घ्या.

माझा सल्ला असा. तुमच्याच भागात, तशाच मातीत वाढलेल्या घायपाताची २० पूर्ण वाढलेली पानं कापा, वजन करा, लांबी मोजा. जातही विचारून घ्या. बांधावर कुंपणाला दिसतं ते पुष्कळदा रुंद पानांचं अमेरिकाना असतं, वाखाच्या धंद्याला मुख्यतः सिसालाना लावतात. ओडिशात बामरा इथे सिसलवर काम करणारं सरकारी संशोधन केंद्र आहे, तिथे चौकशी करता येईल.

आणि हो, शेताला पाणी लागत नसलं तरी काढलेला वाख धुवायला लागतं. एप्रिल-मेमध्ये ते कुठून आणणार, तेही त्याच वहीत लिहून ठेवा.