तीन शिट्ट्यांचं चित्र

परवा आमच्याकडे दूध उतू गेलं. तसं ते अधूनमधून सगळ्यांकडेच जातं. पण मी अगदी शेगडीसमोरच उभी होते! फक्त हातात सांडशीऐवजी पेन्सिल होती. खिडकीतून समोरच्या गच्चीवर शेजारच्या काकू पापड वाळत घालताना दिसत होत्या. कमरेत वाकलेल्या, एक हात गुडघ्यावर, पदर खोचलेला. ती वाकलेली पाठ कागदावर उतरली आणि दूध ओट्यावर. सासूबाई म्हणाल्या, "शेजारी उभी राहून दूध घालवणारी तूच पहिली गं बाई!"

दुधाचं वाईट वाटलंच. पण खरं सांगू? पाठ छान जमली होती.

शाळेत असताना मी चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. त्यात स्मरणचित्राचा पेपर मला फार आवडायचा. आठवड्याचा बाजार, पाणवठा, असं काहीतरी डोळ्यांसमोर आणून काढायचं. पुढे चित्रकलेची शिक्षिका व्हायचं मनात होतं. पण त्या शिक्षणासाठी परगावी राहावं लागणार होतं आणि घरच्यांना ते पसंत नव्हतं. मग गावातल्याच कॉलेजात बी. ए. केलं, लग्न झालं आणि रंगपेटी माळ्यावर गेली. त्यानंतर वीस-बावीस वर्षं मी एकच वाक्य म्हणत आले, "वेळ मिळाला की काढीन." मुलं शाळेत जायला लागली की, दिरांचं लग्न उरकलं की, मुलीची बारावी झाली की... यातलं सगळं झालं, पण वेळ काही मिळाला नाही.

मिळाला तो भलत्याच ठिकाणी. २०२४ च्या जुलैमध्ये 'लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरायला झुंबड उडाली होती, आठवतंय ना? बचत गटातल्या बायकांना घेऊन मीही रोज त्या गर्दीत असायचे. सर्व्हर बंद पडला की नुसतं बसून राहायचं. एकदा असंच ताटकळताना हातात वाया गेलेली झेरॉक्स होती. ती उलटी केली आणि समोर बसलेल्या मावशींचे हात काढले. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, त्यात घड्या घातलेली कागदपत्रं आणि पिशवीवर घट्ट धरलेले दोन्ही हात. चित्र यथातथाच होतं, बोटं तर भेंड्यांसारखी झाली होती! पण सर्व्हर कधी सुरू झाला ते मला कळलंच नाही. इतके दिवस मी त्या खोळंब्याने वैतागत होते. त्या दिवशी मात्र घरी येताना मन हलकं होतं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आपल्याला सलग दोन तास कोणी देणार नाही. पण आपल्या दिवसात वाट बघण्याचे तुकडे किती असतात! कुकरच्या शिट्ट्या, नळाला पाणी येण्याची वेळ, दवाखान्यातला नंबर, रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, एस.टी. स्टँडवरचा बाक. हे तुकडे दुसऱ्या कोणाच्या कामाचे नसतात म्हणूनच तर ते आपल्याकडे उरतात. मग ते आपण आपले का म्हणू नयेत?

आता माझ्या पर्समध्ये छोटी वही आणि पेन्सिल असते. खोडरबर मी मुद्दाम ठेवत नाही, कारण खोडत बसलं की वेळ संपतो. तीन शिट्ट्यांत एक चित्र, एवढाच हिशोब. आधी माणूस कसा बसलाय त्याची एक मोठी रेष, नाक-डोळे मागाहून. माणूस हलला तर ते चित्र तसंच सोडून शेजारी दुसरं सुरू करायचं. गंमत म्हणजे माणूस थोड्या वेळाने पुन्हा त्याच बैठकीवर येतो. मग पहिलं पुरं करायचं.

पण बाईच्या हातात वही दिसली की लोकांना का खुपतं कोण जाणे! "बराच वेळ मिळतो वाटतं तुम्हाला!" हे मी किती जणींकडून ऐकलंय. बाकावर बसून तासभर मोबाइल बघणारीला कोणी असं विचारत नाही. पेन्सिल दिसली की मात्र ती रिकामटेकडी.

खरं तर आपल्या आज्या-पणज्या काढतच आल्या आहेत. दारातली रांगोळी, चैत्रांगण, नागपंचमीचे नाग हे सगळं बायकांच्याच हातचं. वारली समाजात लग्नाचा चौक लिहिण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा. पण हे सगळं सणाच्या आणि कार्याच्या नावाने. सणासाठी काढलं तर कौतुक, स्वतःसाठी काढलं तर चैन! ही वारली चित्रकला जगभर पोहोचली ती मुख्यतः जिव्या सोमा मशे यांच्यामुळे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा मोठेपणा आहेच. पण लग्नकार्याची वाट न बघता ते रोज काढत राहिले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रोज काढण्याची ही मुभा तो चौक लिहिणाऱ्या किती जणींना मिळाली असेल?

मात्र या छंदात मी एक चूकही केली, तीही सांगायला हवी. स्टँडवर एक बाई लेकराला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून झोपली होती. मी काढायला बसले. ती जागी झाली, वहीकडे बघितलं आणि फटकन म्हणाली, "मला इचारलं व्हतं का?" मी ओशाळले. मला वाटलं होतं मी कौतुकाने बघतेय. पण येता-जाता कोणीही न्याहाळावं हे तर तिच्या रोजच्याच वाट्याला येतं, त्यात माझी भर. मी पान फाडून तिच्या हातात दिलं. तेव्हापासून चेहरा काढायचा तर आधी विचारायचं, नाहीतर हात, चपला, पिशव्या काढायच्या. बायकांच्या पिशव्याही किती बोलक्या असतात म्हणून सांगू!

गेल्या महिन्यात एका खेड्यात गटाची बैठक होती. सचिव यायच्या होत्या, म्हणून सगळ्या थांबलेल्या. कोपऱ्यात एक ताई बसल्या होत्या. कर्जाचे हप्ते कधी चुकवत नाहीत आणि बैठकीत तोंडातून शब्द काढत नाहीत. मी विचारलं, "तुमचं चित्र काढू का?" त्या लाजल्या, पदर डोक्यावरून नीट केला, पाठ ताठ केली आणि फोटोला बसतात तशा बसल्या. मी म्हटलं, "मघाशी बसला होतात ना, तशाच बसा." जरा वेळाने खांदे सैल झाले, हनुवटी तळहातावर आली.

चित्र त्यांनी किती तरी वेळ हातात धरलं. मग हळूच म्हणाल्या, "मी अशी बसते व्हय? दमल्यावानी?" मला काही सुचेना. त्या पुढे म्हणाल्या, "घरात मला बसल्याली कुनी बघितलंच न्हाई." आणि त्या दिवशी, पहिल्यांदाच, त्या बोलायला लागल्या. पहाटेचं पाणी, शेतातली खुरपणी, अंथरुणावरचे सासरे. सचिव आल्या तरी कोणी त्यांना मध्ये थांबवलं नाही. निघायच्या आधी दोघी-तिघींनी मिळून ठरवलं की हंगाम संपेपर्यंत आळीपाळीने एकेकीने दुपारी त्यांच्या सासऱ्यांकडे बघायचं.

चित्रामुळे सगळं बदलतं असं मी म्हणणार नाही. हप्ते आहेत, खुरपणी आहे, सासरेही आहेतच. पण मी सात-आठ वर्षं त्या गटात जाते आहे. त्या ताईंची सही मला पाठ होती, त्या कशा बसतात हे मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. हातात पेन्सिल नसती तर आजही पाहिलं नसतं.

म्हणून सांगते, वेळ मिळण्याची वाट बघू नका. वाट बघतानाच काढा. चांगलं येईल की नाही याची काळजी नको, आपल्याला कुठे प्रदर्शन भरवायचंय? जुन्या वहीची उरलेली पानं घरात असतातच. पहिलं चित्र घरातल्याच बाईचं काढा. आई, सासूबाई, जाऊ, कोणीही. पण आधी विचारा बरं का.

मी काल सासूबाईंना विचारलं. त्या लसूण सोलत होत्या. "काढ बाई," म्हणाल्या, "पण आधी गॅस बंद कर!"