सुदृढ मुलांत कॅन्सर शोधणाऱ्यांस

जबलपूरला नागपूर रोडवर, गढ्याजवळ, आदिवासींच्या आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था १९८४ पासून आहे. सिकलसेलवर तिथे वर्षानुवर्षे काम झाले. पुढे १ जुलै २०२३ रोजी याच राज्यातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची देशव्यापी मोहीम निघाली आणि चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांचे रक्त तपासण्याचे ठरले. तेव्हापासून एक युक्तिवाद फार सोपा झाला आहे. पोरांचे रक्त काढताच आहात, तर त्याच फेरीत कॅन्सरही बघून घ्या की! तिशीपुढच्यांचे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख सरकार तपासते, मग लहानग्यांनी काय घोडे मारले आहे?

मागणीमागची कळकळ खरी आहे, पण मागणी चुकीची आहे. ती मान्य झाली तर ज्या मुलांसाठी हा आटापिटा, त्यांच्याच वाट्याचे डॉक्टर आणि पैसे दुसरीकडे वळतील.

या पक्षाचा मुख्य आधार एकच: लवकर सापडला की बरा होतो. याची परीक्षा जगात एकदा मोठ्या प्रमाणावर होऊन गेली आहे. न्यूरोब्लास्टोमा ही लहान मुलांत बहुधा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत उगवणारी गाठ. तिच्यातून निघणारी काही द्रव्ये लघवीत उतरतात. सुई नको, कापाकापी नको, लंगोटात गाळणकागद ठेवला की झाले. सत्तरच्या दशकात क्योटोत सुरू झालेली ही तपासणी जपानने १९८४ पासून देशभर नेली. सहा महिन्यांच्या बाळांत गाठी भराभर सापडू लागल्या आणि सापडलेली जवळपास सगळी बाळे जगली. यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

पुरावा हवा होता तो मृत्यूंचा. कॅनडातल्या क्वेबेकने पावणेपाच लाखांवर बाळांना ही तपासणी देऊ केली, जर्मनीने पावणेपंधरा लाख बाळे तपासली. दोन्ही अभ्यास २००२ साली एकत्रच छापून आले आणि दोन्हींचे उत्तर एकच निघाले: निदाने वाढली, मृत्यू घटले नाहीत. जर्मनीत तपासणीने १४९ मुलांतली गाठ पकडली, त्यांतली ३ दगावली. आणि ज्यांना ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवले होते, त्यांतल्या ५५ मुलांना पुढे तोच कॅन्सर झाला. त्यांतली १४ गेली. लघवीवरून सापडणाऱ्या गाठी बऱ्याचदा आपोआप विरून जाणाऱ्या होत्या. घात करणारी गाठ वेगळ्याच स्वभावाची निघाली. तपासणीच्या दिवशी तिचा पत्ता नसे, पुढे ती झपाट्याने वाढे. म्हणजे विरून गेली असती अशा गाठीसाठी कित्येक तान्ह्या पोरांनी शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी सोसली. जपानने २००३ साली कार्यक्रम थांबवायचे ठरवले.

२००८ साली जपानी संशोधकांनीच, तपासणीच्या काळात मृत्यू कमी होते, असा निष्कर्ष मांडला, हे प्रतिपक्ष सांगेल. सांगावेच. पण ती तुलना वेगवेगळ्या वर्षांत जन्मलेल्या मुलांची होती, आणि त्याच वर्षांत उपचारही सुधारत होते. श्रेय कोणाचे, हे त्यातून ठरत नाही. जपानने कार्यक्रम पुन्हा सुरू केला नाही.

बरे, लघवी सोडा, रक्त तपासू. मुलांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर रक्ताचाच. पण तो काही आठवड्यांत उसळतो. आज पेशींची मोजणी बरोबर आली म्हणून दिवाळीपर्यंतची हमी मिळत नाही. थोडा हिशेबही करू. एक लाख मुलांत वर्षाला सुमारे दहा जणांना कॅन्सर होतो असे धरा. शंभरांत नव्व्याण्णव निरोगी मुलांना अचूक निरोगी ठरवणारी, आज हाती नसलेली, झकास चाचणी आणली तरी हजार निरोगी मुलांच्या घरात हाहाकार उडेल. त्या हजारांना पुढच्या तपासण्यांसाठी कुठे पाठवणार? ज्या रांगेत खरोखर आजारी मूल उभे आहे, त्याच रांगेत ना?

सिकलसेलचा दाखला तर उलटाच पडतो. तिथे आजार जन्मतःच ठरलेला असतो. रक्त तो निःसंशय सांगते, आणि कळल्यावर करण्याजोगे हाती असते. आजारी बाळांना रोज पेनिसिलिन दिले तर जीवघेणे जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटतात, हे १९८६ सालीच सिद्ध झाले. चाळणी लावायची तर आजाराची वाटचाल माहीत हवी, चाचणी भरवशाची हवी आणि उपचार हाताशी हवा, हा दंडक जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत आहे. सिकलसेल त्यावर उतरतो. मुलांचे बहुतेक कॅन्सर उतरत नाहीत.

बहुतेक म्हटले, सगळे नाही. ब्राझीलच्या पाराना राज्यात एक विशिष्ट जनुकदोष लोकांत पसरलेला आहे. तिथे १,७१,६४९ नवजात बाळे तपासून ४६१ वाहक शोधले आणि अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीच्या गाठीसाठी त्यांच्यावर नजर ठेवली. हे शहाणपणाचे होते, कारण धोका कुठे आहे हे आधी ठाऊक होते. आपल्याकडे तसेच डोळ्याचे. दृष्टिपटलाच्या कॅन्सरात बाहुलीत पांढरी चमक दिसते, मांजराच्या डोळ्यासारखी. जन्मतः मोतीबिंदू असला तरी तशीच दिसू शकते, आणि मोतीबिंदू तर आपण शोधतोच. ऑफ्थॅल्मोस्कोपचा उजेड टाकायला काही सेकंद लागतात. लसीकरणाला आलेल्या प्रत्येक बाळाच्या डोळ्यात तो पडावा, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

‘मग काय, गाठ दिसेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे?’ हा खरा प्रश्न. उत्तर असे, की गाठ दिसल्यावरच आपण हातावर हात ठेवून बसतो. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांतली ऐंशी टक्क्यांहून अधिक बरी होतात, आणि ती मुलेही बहुतांशी लक्षणे दिसल्यावरच सापडलेली असतात. फरक पडतो तो नंतर. मंडला-डिंडोरीतल्या पोराचा ताप महिनाभर उतरत नाही, अंगावर निळे डाग उठतात. टायफॉइड म्हणून दोन डॉक्टर होतात, मग झाडफूक होते. बालाघाटच्या आईला आंघोळ घालताना पोटात गोळा लागतो, तिला जंताचे औषध मिळते. निदान झालेच तर रक्ताच्या कॅन्सरचा उपचार दोन-अडीच वर्षांचा. आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या इस्पितळाच्या खर्चाची सोय आहे. बुडालेल्या मजुरीची, नागपूर-मुंबईच्या फेऱ्यांची आणि खोलीच्या भाड्याची ती भरपाई करत नाही. म्हणून उपचार अर्ध्यावर सुटतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरला सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात. त्यांच्या मूळ यादीतल्या तीस आजारांत कॅन्सर नाही. तिथे चार-पाच प्रश्न घाला: न उतरणारा ताप, फिकेपणा आणि निळे डाग, पोटातली वा मानेतली गाठ, सकाळची डोकेदुखी आणि उलटी, डोळ्यातली चमक. ‘हो’ आले की अंगणवाडी ताईच्या हाती एकच नाव आणि एकच फोन नंबर हवा, आणि आठवड्याच्या आत पक्के निदान. ही सगळ्यांची चाळणी नव्हे, तक्रार असलेल्या मुलाचा माग आहे, आणि तो अंगणवाडी ताई, शाळामास्तर, एमबीबीएस डॉक्टर कोणीही काढू शकतो.

शिबिरवाल्यांना किती मुले तपासली याचा आकडा फलकावर लिहायला आवडतो. जबलपूरच्या मेडिकल कॉलेजने आणि जिल्हा इस्पितळांनी दुसरे दोन आकडे दरवर्षी जाहीर करावेत: पहिल्या तक्रारीपासून पहिल्या केमोपर्यंत किती दिवस गेले, आणि उपचार सुरू केलेल्यांतल्या किती मुलांनी तो पुरा केला.